सेंद्रिय सौर घटांची बहुवारिके : प्रयोगशाळेतील वीस टक्के आणि छपरापर्यंतचे अंतर

घरांच्या छपरांवर आज दिसणाऱ्या सौर पॅनेलमधील सिलिकॉनची चकती साधारण दीडशे मायक्रॉन जाडीची असते. एक चौरस मीटर पृष्ठभाग झाकण्यासाठी असे सुमारे साडेतीनशे ग्रॅम सिलिकॉन लागते, आणि ते अत्यंत शुद्ध स्वरूपात, मोठ्या तापमानाच्या भट्टीत स्फटिक वाढवून मिळवावे लागते. सेंद्रिय सौर घटात प्रकाश शोषून वीज निर्माण करणारा थर मात्र अवघा शंभर नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे त्या चकतीहून दीड हजार पटींनी पातळ असतो. चौरस मीटरला त्याचे वजन जेमतेम एक दशांश ग्रॅम भरते. या हिशेबाने एक चौरस किलोमीटर जमीन झाकण्यास शंभर-सव्वाशे किलो द्रव्य पुरावे. शिवाय हे द्रव्य विद्रावकात विरघळवून शाईसारखे वापरता येते आणि वर्तमानपत्र छापावे तसे प्लास्टिकच्या गुंडाळीवर छापता येते.

गेली तीस वर्षे रसायनशास्त्रज्ञांना या क्षेत्राकडे खेचून आणणारी मोहिनी हीच आहे. या काळात सेंद्रिय घटांची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी विजेत रूपांतरित होणारा वाटा, एक टक्क्यावरून वीस टक्क्यांपर्यंत चढली. छपरावरील सिलिकॉन पॅनेलची कार्यक्षमताही वीस-बावीस टक्क्यांच्या घरातच असते. तरीही सेंद्रिय घट बाजारात जवळजवळ दिसत नाहीत. याचे कारण घटाच्या रचनेपेक्षा त्यात वापरल्या जाणाऱ्या बहुवारिकांमध्ये, म्हणजे पॉलिमरमध्ये, अधिक शोधावे लागते. प्रयोगशाळेत उच्चांक नोंदवणारे बहुवारिक आणि कारखान्यात किलोने बनवता येईल असे बहुवारिक ही सहसा एकच नसतात.

वीज वाहणारे प्लास्टिक

प्लास्टिक म्हणजे विद्युत्‌रोधक, ही समजूत मोडली ती एका चुकीमुळे. १९६७ मध्ये तोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिअॅसिटिलीन तयार करताना एका पाहुण्या संशोधकाने उत्प्रेरक ठरल्यापेक्षा हजार पटींनी अधिक घातला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चंदेरी, धातूसारखी चमकणारी फिल्म हाती आली. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांच्यासह शिराकावा यांनी या फिल्मवर ब्रोमीन आणि आयोडीन यांची प्रक्रिया केली, तेव्हा तिची संवाहकता लक्षावधी पटींनी वाढली. हे संशोधन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००० मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यामागील तत्त्व सोपे आहे. कार्बन अणूंच्या साखळीत एकेरी व दुहेरी बंध एकाआड एक आले, तर दुहेरी बंधांतील इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले न राहता साखळीभर पसरतात. अशा संयुग्मित बहुवारिकाला अर्धसंवाहकाचे गुण येतात आणि ते दृश्य प्रकाश शोषू लागते. पॉलिअॅसिटिलीन हवेत फार लवकर खराब होते, त्यामुळे सौर घटासाठी ते निरुपयोगी ठरले. पुढच्या काळात बेंझीन आणि थायोफीन यांसारखी वलये ओवून केलेल्या, अधिक टिकाऊ साखळ्यांकडे संशोधन वळले.

दाता, ग्राही आणि दहा नॅनोमीटर

सिलिकॉनमध्ये प्रकाशकण शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे ठेवलेली धनभारित पोकळी जवळजवळ लगेच एकमेकांपासून मोकळी होतात. बहुवारिकांत तसे घडत नाही. तेथे इलेक्ट्रॉन व पोकळी एकमेकांना घट्ट धरून राहतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती तोडण्यास खोलीच्या तापमानाला उपलब्ध असणाऱ्या औष्णिक ऊर्जेच्या दहा-पंधरा पट ऊर्जा लागते. म्हणून दोन पदार्थ हवेत : इलेक्ट्रॉन देणारा दाता आणि तो ओढून घेणारा ग्राही. दोघांच्या सीमेवर पोहोचलेली जोडी तुटते, इलेक्ट्रॉन ग्राहीकडे जातो आणि पोकळी दात्याकडे राहते.

ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग तांग यांनी १९८६ मध्ये दोन सेंद्रिय रंगद्रव्यांचे थर एकमेकांवर ठेवून सुमारे एक टक्का कार्यक्षमता मिळवली. त्या काळी हे मोठे यश होते. परंतु एक्सायटॉन विझण्यापूर्वी जेमतेम दहा नॅनोमीटर प्रवास करतो, ही अडचण उरलीच. थर दहा नॅनोमीटरचा ठेवावा तर प्रकाश पुरेसा शोषला जात नाही, आणि शंभर नॅनोमीटरचा करावा तर बहुतेक जोड्या सीमेपर्यंत पोहोचतच नाहीत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत ही कोंडी फुटली. १९९२ मध्ये नियाझी सेर्दार सारिचिफ्ची, हीगर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की प्रकाश पडताच बहुवारिकातील इलेक्ट्रॉन शेजारच्या फुलरीनकडे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळात उडी घेतो. १९९५ मध्ये याच गटाने दाता बहुवारिक आणि फुलरीनचे विद्राव्य रूप ही दोन्ही एकाच विद्रावकात मिसळून एकच थर पसरवला. विद्रावक उडून जाताना दोन्ही पदार्थ दोन्ही हातांची बोटे गुंफावीत तसे एकमेकांत शिरले. आता कोणत्याही जागी जन्मलेल्या एक्सायटॉनला सीमा दहा नॅनोमीटरच्या आत सापडू लागली. त्याच वर्षी केंब्रिज येथील गटाने ग्राही म्हणूनही बहुवारिकच वापरून हेच तत्त्व सिद्ध केले.

मात्र हे गुंफण कसे जमेल, हे रेणूंच्या रचनेइतकेच थर वाळण्याच्या रीतीवर अवलंबून असते. ऑस्ट्रियातील लिंझ येथे २००१ मध्ये झालेल्या प्रयोगात बहुवारिक तेच, फुलरीन तेच, फक्त टोल्यूइनऐवजी क्लोरोबेंझीन हा विद्रावक वापरला गेला आणि कार्यक्षमता एक टक्क्याच्या आतून अडीच टक्क्यांवर गेली. २००७ मध्ये सांता बार्बरा येथे दुसऱ्या एका बहुवारिकाच्या द्रावणात एका थायॉलचे थोडेसे प्रमाण मिसळताच घट २.८ वरून ५.५ टक्क्यांवर पोहोचला. या क्षेत्रातील संशोधक अर्धे रसायनज्ञ आणि अर्धे बल्लवाचार्य असतात असे म्हटले जाते, ते अगदीच थट्टेने नव्हे.

कोनार्काचा धडा

या शतकाच्या पहिल्या दशकावर राज्य केले ते पी३एचटी या बहुवारिकाने. थायोफीनची वलये एकाच दिशेने तोंड करून जोडली गेल्यास त्याच्या साखळ्या नीट रचल्या जातात. तशी जोडणी करण्याची रीत रिचर्ड मॅककलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिली होती. २००५ च्या सुमारास पी३एचटी व फुलरीन यांच्या थराला गरम करून चार ते पाच टक्के कार्यक्षमता मिळू लागली. हे बहुवारिक बनवण्यास सोपे आणि तुलनेने स्वस्त होते. दोष होता तो प्रकाश वापरण्याच्या ऐपतीत. ते फक्त ६५० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचाच प्रकाश शोषते, सूर्याच्या तांबड्या व अवरक्त किरणांना हातही लावत नाही. शोषलेल्या प्रत्येक प्रकाशकणात सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असूनही घटातून मिळणारा विद्युत् दाब ०.६ व्होल्टच्या आसपास राहतो. बाकीची ऊर्जा वाटेतच उष्णतेत जाते.

या पहिल्या पिढीच्या भरवशावर उभी राहिलेली सर्वांत गाजलेली कंपनी मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथील कोनार्का टेक्नॉलॉजीज ही होय. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीमागे हीगर यांच्यासह मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल येथील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुकांत त्रिपाठी यांचे संशोधन होते. ओडिशातील सूर्यमंदिराचे नाव कंपनीला मिळाले, पण डिसेंबर २००० मध्ये त्रिपाठी यांचे निधन झाल्याने तिचा उदय त्यांना पाहता आला नाही. कंपनीने सतरा कोटी डॉलरहून अधिक खासगी भांडवल उभे केले, न्यू बेडफर्ड येथील पोलरॉईडचा जुना कारखाना घेऊन तेथे फोटोच्या फिल्मऐवजी सौर फिल्म छापण्यास सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ८.३ टक्क्यांचा प्रमाणित उच्चांकही नोंदवला. दीड वर्षाने, जून २०१२ मध्ये, तिने दिवाळखोरी जाहीर केली.

तिच्या पतनाला चीनमधून आलेली स्वस्त सिलिकॉन पॅनेले कारणीभूत ठरली असे सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. २०१० च्या दशकात या पॅनेलच्या किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या. परंतु त्याखाली एक अंतर्गत कारणही होते. ८.३ टक्क्यांचा घट एक चौरस सेंटीमीटरच्या आसपासचा होता. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या लांबलचक फिल्मची कार्यक्षमता त्याहून पुष्कळ कमी होती. उच्चांकाच्या बातमीत आणि विक्रीच्या वस्तूत असे दोन वेगवेगळे पदार्थ नांदत होते. ती दरी आजही मिटलेली नाही.

जोडीदाराची वाट पाहणारे बहुवारिक

पी३एचटीनंतरच्या बहुवारिकांत एका साखळीत दोन स्वभावांची वलये आलटून पालटून बसवली गेली : एक इलेक्ट्रॉन ढकलणारे, दुसरे ओढणारे. या ओढाताणीमुळे शोषणाची मर्यादा तांबड्या प्रकाशाकडे सरकते. शिकागो विद्यापीठात लुपिंग यू यांच्या गटाने घडवलेल्या पीटीबी७ या बहुवारिकाने २०१० मध्ये सात टक्क्यांचा टप्पा ओलांडला. येथे पार्श्वशाखांचे महत्त्वही कळून आले. साखळीला लोंबणाऱ्या या तेलकट शाखा नसतील तर बहुवारिक विरघळतच नाही, आणि त्या फार लांब किंवा फार फाटे फुटलेल्या असतील तर साखळ्या एकमेकींजवळ येत नाहीत व विद्युत् भार वाहून नेणे कठीण होते. एखादा कार्बन अणू इकडे की तिकडे, एवढ्यावर कित्येक प्रबंध लिहिले गेले आहेत.

तरी गाडी दहा-अकरा टक्क्यांपाशी अडली, कारण ग्राही फुलरीनच होता. फुलरीन दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही आणि त्याच्या ऊर्जापातळ्या मनाजोगत्या बदलता येत नाहीत. २०१५ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या शियाओवेई झान यांनी आयटीआयसी हा फुलरीनविरहित ग्राही रेणू मांडला. २०१९ मध्ये चांगशा येथील सेंट्रल साऊथ विद्यापीठाच्या यिंगपिंग झोऊ आणि सहकाऱ्यांनी वाय६ हा रेणू प्रसिद्ध केला, आणि पीएम६ या बहुवारिकासोबत त्याने एका झटक्यात १५.७ टक्के गाठले. ही नावे मोटारींच्या नोंदणी क्रमांकांसारखी वाटतात खरी, पण या क्षेत्रात त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

पीएम६ ची कथा बोधक आहे. हे बहुवारिक २०१५ पासून उपलब्ध होते. फुलरीनसोबत त्याची मजल नऊ टक्क्यांच्या आसपास संपत असे. चार वर्षांनी योग्य जोडीदार मिळताच तेच बहुवारिक उच्चांकाचे मानकरी ठरले. पीएम६ दृश्य प्रकाश शोषते आणि वाय६ जवळचा अवरक्त, ९३० नॅनोमीटरपर्यंतचा. दोघे मिळून सूर्याचा पट वाटून घेतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एक्सायटॉन तोडण्यासाठी दाता व ग्राही यांच्या ऊर्जापातळ्यांत मोठी पायरी हवी हा जुना समज येथे खोटा ठरला. ही पायरी अगदी लहान असूनही वाय६ असलेल्या घटात इलेक्ट्रॉन सुटतात. परिणामी १.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऊर्जा-अंतरातून ०.८३ व्होल्टचा विद्युत् दाब मिळतो. पी३एचटीच्या घटात १.३ व्होल्टचा तोटा होता, तो येथे अर्ध्या व्होल्टवर आला. २०२० मध्ये डी१८ या बहुवारिकाने अठरा टक्के ओलांडले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या कुळातील घट वीस टक्क्यांवर पोहोचले. एकविसाव्या शतकातील सेंद्रिय सौर घटांचे केंद्र अमेरिकेतून चीनकडे सरकले, ते याच काळात.

किलोचा प्रश्न

या उच्चांकांच्या मागील आकारमान पाहिले पाहिजे. उच्चांकी घट बहुधा चौरस सेंटीमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. तो नायट्रोजनने भरलेल्या पेटीत, फिरत्या काचेवर द्रावणाचे थेंब टाकून बनवला जातो. विद्रावक असतो क्लोरोफॉर्म. तो विषारी तर आहेच, शिवाय ६१ अंश सेल्सियसला उकळतो, त्यामुळे लांब फिल्मवर थर पसरत असतानाच उडून जातो आणि जाडी सर्वत्र सारखी राहत नाही. कारखान्याला झायलीनसारखा सौम्य, सावकाश उडणारा विद्रावक हवा. पण विद्रावक बदलला की दाता-ग्राहींचे गुंफण बदलते, आणि लिंझमध्ये जे हिताचे ठरले ते येथे उलटते. शंभर नॅनोमीटरचा थर मीटरभर रुंदीच्या यंत्रावर तंतोतंत राखणेही अवघड. तीनशे नॅनोमीटरपर्यंत जाड झाला तरी काम करील असे बहुवारिक छपाईला सोयीचे, परंतु बहुतेक उच्चांकवीर तेथे दम तोडतात.

बनवण्याचीही कथा तशीच. पीएम६ सारख्या बहुवारिकाचे एकके अनेक पायऱ्यांच्या संश्लेषणातून मिळतात. त्यांची साखळी जोडताना कथिलाची विषारी संयुगे आणि पॅलेडियमचा उत्प्रेरक वापरावा लागतो, आणि राहून गेलेले पॅलेडियमचे कण घटात इलेक्ट्रॉनांना अडवतात. साखळीची लांबी दर खेपेस थोडी वेगळी येते. लहान रेणू शुद्ध करता येतो, बहुवारिकाची मात्र प्रत्येक घाणी वेगळी, आणि एका घाणीचा सतरा टक्क्यांचा घट दुसऱ्या घाणीत चौदावर येऊ शकतो. संशोधनासाठी विकली जाणारी अशी बहुवारिके आज वजनाला सोन्याहून महाग पडतात. चौरस मीटरला दशांश ग्रॅमच लागते हा सुरुवातीचा हिशेब येथे मार खातो.

म्हणूनच २०१८ मध्ये बीजिंग येथील योंगफांग ली यांच्या गटाने सादर केलेले पीटीक्यू१० हे बहुवारिक उच्चांकांच्या यादीत वर नसूनही अधिक लक्षणीय म्हणावे लागते. थायोफीन आणि क्विनॉक्सॅलीन या दोन साध्या वलयांपासून, स्वस्त कच्च्या मालातून, अवघ्या दोन पायऱ्यांत आणि एकूण ८७.४ टक्के उताऱ्याने ते तयार होते. पहिल्याच शोधनिबंधात त्याच्या घटाची कार्यक्षमता १२.७ टक्के होती आणि वाय६ च्या कुळातील ग्राहींसोबत पुढे ती बरीच वर गेली. साधा रेणू म्हणजे दुबळा घट, असे समीकरण त्याने मोडले.

ऊन हाच कच्चा माल, ऊन हाच शत्रू

सिलिकॉन पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते. सेंद्रिय घटाला ऊन, प्राणवायू, ओलावा आणि उष्णता या चौघांशी एकाच वेळी झुंजावे लागते. प्रकाश व प्राणवायू मिळून साखळीच्या पार्श्वशाखा तोडतात. वाय६ व आयटीआयसी यांच्या कुळातील ग्राहींच्या मधल्या दुहेरी बंधावर, घटातच असलेला झिंक ऑक्साईडचा थर जंबुपार किरणांच्या मदतीने हल्ला करतो. शिवाय उष्णतेने लहान रेणू थरात हळूहळू सरकतात आणि कष्टाने साधलेले दहा नॅनोमीटरचे गुंफण विस्कटते. ओलावा रोखणारे पारदर्शक वेष्टन उपलब्ध आहे, पण ते स्वस्त नाही, आणि काचेत बंद करावे तर लवचिकतेचा फायदाच जातो.

या बाबतीत मिशिगन विद्यापीठातील स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटाचे २०२१ चे काम महत्त्वाचे आहे. त्यांनी झिंक ऑक्साईड व सक्रिय थर यांच्यामध्ये फुलरीनचा पातळ पडदा घातला आणि जंबुपार किरण गाळणारा थर बाहेर ठेवला. तीव्र प्रकाशात वेगाने केलेल्या चाचण्यांवरून त्यांनी घटाचे अंतर्गत आयुष्य तीस वर्षांहून अधिक असल्याचे अनुमान काढले. ते अनुमानच आहे, आणि त्या घटाची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास होती. तरी घट टिकवता येतो, एवढे त्याने दाखवले. दुसरी वाट सर्व-बहुवारिक घटांची : वाय६ सारखे ग्राही रेणूच एकमेकांना जोडून त्यांची साखळी करायची, म्हणजे ते जागचे हलत नाहीत. अशा साखळ्यांचे संक्रमण-तापमान उंच असल्याने उन्हात तापलेल्या फिल्ममध्येही रचना टिकून राहते.

भारतासारख्या देशाला हा मुद्दा अधिक जवळचा आहे. मुंबईच्या आयआयटीमधील राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्राने देशाच्या निरनिराळ्या हवामान विभागांतील सिलिकॉन पॅनेलची पाहणी केली, तेव्हा उष्ण प्रदेशांत पॅनेलचा ऱ्हास अधिक वेगाने होत असल्याचे आढळले. सिलिकॉनची ही गत, तर बहुवारिकांची कसोटी किती कडक असेल, हे सहज कळावे. याच आयआयटीत, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संयुग्मित बहुवारिकांवर दीर्घकाळ काम चालू आहे. बंगळुरू येथे सतीश पाटील यांच्या गटाने डायकिटोपायरोलोपायरोल या रंगद्रव्यावर आधारलेल्या बहुवारिकांचा विशेष अभ्यास केला आहे. मोटारींच्या लाल रंगात वापरला जाणारा हा पदार्थ उन्हात टिकण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

छपरावरील सिलिकॉनला हटवण्याचा विचार आता या क्षेत्रातील फारसे कोणी करीत नाही, आणि तेच शहाणपणाचे आहे. स्वीडनमधील एपिशाइन ही कंपनी घरातील दिव्यांच्या प्रकाशावर चालणारे छापील सेंद्रिय घट बनवते. एलईडीच्या मंद प्रकाशात असे घट पंचवीस टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता देऊ शकतात, जेथे सिलिकॉन मंदावते. तापमान मोजणाऱ्या लहान यंत्रांना मग बॅटरी बदलण्याची गरज उरत नाही. दुसरे क्षेत्र हरितगृहांचे. सेंद्रिय घट अवरक्त किरण शोषून घेऊन दृश्य प्रकाशाचा काही भाग पिकांसाठी सोडू शकतो. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात २०२१ मध्ये अशा घटांतून गाळलेल्या प्रकाशात लाल लेट्यूस वाढवले गेले, आणि साध्या काचेखालील रोपांच्या तुलनेत वाढीत लक्षणीय घट आढळली नाही. हरितगृहाची प्लास्टिक फिल्म तीन-चार वर्षांनी बदलावीच लागते. तेथे पंचवीस वर्षांची हमी कोणी मागत नाही. पाच वर्षे टिकणारे आणि पीटीक्यू१० सारखे दोन पायऱ्यांत बनणारे बहुवारिक पुरेसे आहे.